नऊ चौकटींतलं न्यूयॉर्क : 'सिटी ऑफ ग्लास' चित्रांतून वाचताना

पॉल ऑस्टर यांच्या 'सिटी ऑफ ग्लास'मध्ये घडतं फार थोडं. रात्री चुकीच्या नंबरवर आलेला एक फोन, एका म्हाताऱ्याचा पाठलाग, एक लाल वही, आणि दुसऱ्यावर पाळत ठेवता ठेवता स्वतःच नाहीसा होत जाणारा एक लेखक. प्रेताभोवती जमलेली माणसं नाहीत, पोलिसांची धावपळ नाही, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत बसवून कोडं सोडवणारा कुणी येत नाही. सतरा प्रकाशकांनी नाकारल्यावर सन अँड मून प्रेस या लॉस एंजेलिसच्या छोट्या प्रकाशनसंस्थेनं १९८५ मध्ये ही कादंबरी काढली. पुढे रहस्यकथांसाठी दिल्या जाणाऱ्या एडगर पुरस्काराच्या नामांकनापर्यंत ती पोचली. असं पुस्तक चित्रांत आणायचं तर काढायचं काय? खोलीत बसून बोलणारी माणसं आणि रस्त्यानं चालणारी माणसं, एवढंच हाती लागतं. पॉल कॅरासिक आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी १९९४ मध्ये केलेली चित्रकादंबरी या अडचणीतून ज्या वाटेनं बाहेर पडली ती वाट समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी कथेचं ओझं पात्रांच्या चेहऱ्यांवर टाकलं नाही, पानाच्या मांडणीवर टाकलं.

पुस्तकाचा जन्म असा झाला. आर्ट स्पीगलमन आणि बॉब कॅलाहन हे दोघं एव्हन या प्रकाशनासाठी 'निऑन लिट' नावाची मालिका संपादित करत होते. गुन्हेगारी जगाच्या आसपास फिरणाऱ्या आधुनिक कादंबऱ्या चित्रकथेच्या रूपात आणायच्या, ही कल्पना. मॅझुकेली यांचं नाव तेव्हा 'बॅटमन : इयर वन'च्या चित्रांमुळे गाजलेलं होतं, पण ते सुपरहिरोंच्या कामातून बाहेर पडून वेगळं काही शोधत होते. ऑस्टरच्या कादंबरीवर त्यांनी केलेला पहिला प्रयत्न फसला. कथा चित्रांत उतरत होती, पण कादंबरीचा पीळ हाताला लागत नव्हता. मग स्पीगलमन यांनी कॅरासिकना बोलावलं. कॅरासिक यांनी 'रॉ' या चित्रकथांच्या नियतकालिकात काम केलेलं होतं. शिवाय काही वर्षांपूर्वी ब्रुकलिनच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत असताना ऑस्टर यांचा मुलगा त्यांच्या वर्गात होता, आणि त्याच काळात त्यांनी या कादंबरीची काही पानं स्वतःपुरती वहीत मांडूनही पाहिली होती. त्यांच्या मांडणीचा सांगाडा घेऊन मॅझुकेलींनी तो पुन्हा काढला, जिथे गच्च झाला होता तिथे सैल केला. मुखपृष्ठावर रूपांतरकार म्हणून दोघांची नावं आहेत ती उगीच नाहीत.

हा सांगाडा म्हणजे नऊ चौकटींचं पान. आडव्या तीन, उभ्या तीन, सगळ्या सारख्या. पुस्तकाचा मोठा भाग याच जाळीवर उभा आहे, आणि वाचायला घेताना सगळ्यात आधी नजर टाकायची ती हिच्यावर. सारख्या नऊ चौकटी ही चित्रकथेतली सगळ्यात साधी, जवळजवळ कंटाळवाणी रचना. पण कथा न्यूयॉर्कची आहे, आणि मॅनहॅटनचा मोठा भाग १८११ च्या आराखड्यानुसार असाच काटकोनात आखलेला आहे. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या ॲव्हेन्यू, त्यांना छेदणाऱ्या क्रमांकांच्या स्ट्रीट, मधे उरलेले चौकोन. म्हणजे पान उघडलं की शहराचा नकाशाच समोर येतो. तीच जाळी पुढच्या पानावर इमारतीची खिडकी होते, तिथून पुढे कोठडीचे गज होते, कधी फुली-गोळ्याचा पट. चौकटींमधली पांढरी पट्टी, जिच्याकडे एरवी कुणी बघत नाही, तीच गजांची आणि खिडकीच्या चौकटीची जागा घेते. या जाळीची डोळ्यांना इतकी सवय लावली जाते की तीन चौकटी जोडून एक रुंद चित्र आलं किंवा अख्खं पान एकाच चित्राला दिलं, की काहीतरी घडलं हे मजकूर वाचण्याआधीच कळतं.

कथेची तोंडओळख थोडक्यात. डॅनियल क्विन, वय पस्तीस, पूर्वी कविता लिहायचा. बायको आणि मुलगा गेल्यानंतर विल्यम विल्सन या टोपणनावानं मॅक्स वर्क नावाच्या गुप्तहेराच्या कादंबऱ्या पाडतो आणि उरलेला वेळ शहरात पायी भटकतो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडच्या कथांवर वाढलेल्या वाचकाला हा लेखक ओळखीचा वाटेल. त्याला फोन येतो तो 'पॉल ऑस्टर' या गुप्तहेरासाठी. आधी तो चुकीचा नंबर म्हणून ठेवून देतो, पण पुन्हा फोन येतो तेव्हा मीच ऑस्टर असं सांगून काम घेतो. अशील आहे पीटर स्टिलमन. त्याच्या बापानं त्याला लहानपणी नऊ वर्षं अंधाऱ्या खोलीत डांबून ठेवलं होतं, कारण माणसाचा स्पर्श न झालेल्या मुलाच्या तोंडून देवाची भाषा बाहेर पडते का हे त्याला पाहायचं होतं. तो बाप आता सुटून येतोय. क्विननं त्याच्यावर नजर ठेवायची आहे.

सुरुवातीच्या पानांतच रूपांतराची पद्धत दिसते. क्विनच्या भटकंतीविषयी कादंबरीत एक परिच्छेद आहे : शहर म्हणजे न संपणारी जागा, पावलांचा चक्रव्यूह. चित्रकाराला इथे गर्दीचा रस्ता काढण्याचा मोह झाला असता. मॅझुकेली इमारतींच्या दर्शनी भागापासून सुरुवात करतात. त्यांच्या उभ्या-आडव्या रेषा वाकत जाऊन चक्रव्यूह होतो, चक्रव्यूहाच्या वळणांचा बोटाचा ठसा होतो, आणि नजर मागे सरकली की कळतं की ठसा खिडकीच्या काचेवर उमटलेला आहे, पलीकडे तेच शहर आहे. शहर, हरवणं, ओळख, पुरावा आणि शीर्षकातली काच या सगळ्या गोष्टी मोजक्या चौकटींत, एकही जादा शब्द न घालता येतात. रहस्यकथेत बोटाचा ठसा माणूस कोण हे ठरवतो. इथे तो माणूस हरवल्याची पहिली खूण होऊन येतो. हे पान घाईनं उलटू नका, पुढची अनेक पानं याच पद्धतीनं बोलणार आहेत.

पुस्तकाचा सर्वांत मोठा पराक्रम मात्र पीटरचं भाषण. कादंबरीत तो पानंच्या पानं बोलतो. तुटक वाक्यं, मधेच बनवलेले शब्द, पुन्हा पुन्हा स्वतःचं नाव सांगून लगेच ते आपलं खरं नाव नाही असं म्हणणं. छापील गद्यात हे वाचताना आवाज कानात घुमतो. पण चित्रात एक माणूस खुर्चीत बसून इतका वेळ बोलतोय हे दाखवायचं म्हणजे एकच चेहरा शंभरदा काढायचा. इथे पहिल्या चौकटींत नजर पीटरच्या तोंडाकडे सरकते. मग संवादफुग्याची शेपटी ओठांवर थांबत नाही, तोंडाच्या आत, घशात खाली उतरते. तिच्या मागोमाग नजरही उतरते. पुढे प्रत्येक टप्प्यावर फुगा वेगळ्याच वस्तूच्या आतून बाहेर येतो : नावाड्याच्या, गुहेतल्या भित्तिचित्राच्या, गटाराच्या जाळीच्या, ग्रामोफोनच्या कर्ण्याच्या. शेवटी उरते दोऱ्या सुटलेली एक कळसूत्री बाहुली. शब्द पीटरचेच आहेत, पण ते कुठून येताहेत याचा पत्ता लागत नाही. आवाज आहे, बोलणारा नाही. डांबून ठेवलेल्या मुलाच्या भाषेचं काय झालं असेल, ते समजावून सांगणारी एकही ओळ न लिहिता ही पानं दाखवतात. जाळी इथे काटेकोर नऊची ठेवली आहे तेही योग्यच. वस्तू सारख्या बदलताहेत, पण ताल घड्याळासारखा एकसारखा, त्यामुळे भाषण कुठेही भरकटत नाही. यात घोटाळा व्हायचा तो एकाच ठिकाणी : फुग्यातला मजकूर आणि चित्र यांचा अर्थ चौकटीगणिक जुळवत बसलात तर दमछाक होते. एकदा फक्त चित्रं बघत जा, नंतर फक्त शब्द वाचा, तिसऱ्यांदा दोन्ही.

ग्रँड सेंट्रल स्टेशनवर क्विन म्हाताऱ्या स्टिलमनची वाट बघत उभा असतो. तो उतरतो, आणि त्याच्या मागोमाग हुबेहूब तसाच दुसरा. एक कळकट, एक ऐटबाज. कुणाच्या मागे जायचं? कारण देण्याजोगं काहीच नाही. क्विन कळकट्याच्या मागे लागतो. गद्यात हा प्रसंग वाचकाच्या कल्पनेवर सोडलेला असतो. चित्रात दोन्ही चेहरे शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे निवडीतला आंधळेपणा जास्त बोचतो. याउलट म्हाताऱ्यानं पूर्वी लिहिलेल्या प्रबंधाचा भाग गद्यात जड आहे. नंदनवन, बाबेलचा मनोरा, अमेरिकेत पोचलेल्या पहिल्या युरोपीयांच्या कल्पना असा विद्वत्तेचा भारा तिथे आहे. चित्रांत तो जुन्या छापील ठशांच्या वळणानं येतो आणि भराभर वाचून होतो. रूपांतर मुळापेक्षा सरस ठरतं ती ही जागा.

मग चालण्याचा भाग. स्टिलमन रोज हॉटेलातून निघतो आणि ठरलेल्या पट्ट्यातच फिरतो : उत्तरेला ११० वा स्ट्रीट, दक्षिणेला ७२ वा, पश्चिमेला रिव्हरसाइड पार्क, पूर्वेला ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यू. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण दिशेनं साधारण वीस ब्लॉक म्हणजे एक मैल, म्हणजे हा पट्टा सुमारे तीन किलोमीटर लांब आणि एका किलोमीटरपेक्षा बराच कमी रुंद. रस्त्यात पडलेल्या मोडक्या वस्तू तो उचलतो आणि वहीत काहीतरी लिहितो. क्विन त्याच्या मागून चालत लाल वहीत नोंदी करतो. पुढे कधीतरी तो एकेका दिवसाचा मार्ग कागदावर काढून बघतो, आणि प्रत्येक दिवसाच्या मार्गातून एकेक रोमन अक्षर निघतं. ती अक्षरं ओळीनं लावली की बायबलच्या जुन्या करारातलं एक नाव तयार होतं. ते नाव इथे सांगत नाही. मूळ कादंबरीतही या मार्गांच्या तीन आकृत्या छापल्या आहेत, पण गद्याच्या मधे आलेली आकृती आणि जाळीच्या पानावर आलेली आकृती यांत फरक पडतो. इतकी पानं जी जाळी नुसती चौकट म्हणून बघितली, तिच्याच रस्त्यांवरून कुणी अक्षरं गिरवतंय हे लक्षात आलं की पाठीमागची सगळी पानं पुन्हा चाळावीशी वाटतात.

इथे एक सूचना करतो. अप्पर वेस्ट साइडचा, म्हणजे मॅनहॅटनच्या याच भागाचा, रस्त्यांच्या क्रमांकांसह नकाशा शेजारी ठेवा आणि पेन्सिलीनं मार्ग स्वतः काढा. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ब्रॉडवे हा रस्ता काही ठिकाणी जाळीला तिरपा छेदतो, म्हणून तिथले ब्लॉक काटकोनी येत नाहीत आणि अक्षरं वेडीवाकडी दिसतात. दुसरी, पहिल्या चार दिवसांच्या नोंदी क्विनकडे नाहीत, तेव्हा नावाची सुरुवात गहाळ आहे. शेवटची दोन अक्षरंही अजून चालून व्हायची आहेत. हाती असलेल्या नऊ अक्षरांवरून आधीची चार आणि नंतरची दोन भरायची. कोड्याला उत्तर आहे. त्या उत्तराचा तपासाला काही उपयोग आहे का, हा ऑस्टर यांचा प्रश्न आहे, आणि क्विन त्याच प्रश्नानं पोखरला जातो.

क्विन पुढे खऱ्या पॉल ऑस्टरला शोधायला जातो. फोनवरचा ऑस्टर गुप्तहेर होता, दार उघडतो तो ऑस्टर लेखक निघतो. मॅझुकेलींनी त्याचा चेहरा ऑस्टर यांच्यासारखाच काढला आहे. गद्यात लेखकाचं नाव पात्राला देणं हा बौद्धिक खेळ वाटू शकतो. छायाचित्रांतून ओळखीचा असलेला चेहरा चित्रात घरगुती कपड्यांत समोर उभा राहिला, बायकोमुलासह दिसला, की क्विननं काय काय गमावलंय ते टोचतं. क्विनच्या मेलेल्या मुलाचं नाव डॅनियल नव्हतं, ऑस्टरच्या मुलाचं आहे; आणि डॅनियल हे क्विनचंही नाव. या प्रसंगात चित्रकार शांत राहिले आहेत, पान साधं ठेवलं आहे. बरोबर केलं.

शेवटाबद्दल जपून लिहावं लागेल. क्विन अशिलाच्या घरासमोरच्या गल्लीत तळ ठोकतो, झोप आणि अन्न कमी करत जातो, पैसे संपतात, घर जातं. त्याच्याबरोबर जाळीही जाते. आधी चौकटींच्या कडा ढिल्या होतात, मग चौकटी तिरप्या होतात, पानावरून निसटू लागतात, पांढरी जागा वाढत जाते. पुस्तकभर ज्या नियमितपणाचा आधार होता तो काढून घेतल्यावर वाचकाच्याही पायाखालचं सरकतं. हे परिणामकारक व्हायला त्याआधीची शंभरेक पानं शिस्तीत असावी लागतात. म्हणून पुस्तक मधूनच उघडून शेवट बघण्यात काही अर्थ नाही.

चित्रं पूर्ण काळ्या-पांढऱ्यात आहेत. मॅझुकेलींची कुंचल्याची रेषा जाड आणि आत्मविश्वासाची आहे, चेहरे मोजक्या खुणांत, पार्श्वभूमी गरजेपुरती. करड्या छटांचा आधार घेतलेला नाही, सावली म्हणजे सलग काळं. एका शैलीचा हट्टही नाही. कुठे लहान मुलानं काढलेल्या चित्रासारखी रेषा येते, कुठे ठशासारखी, कुठे नकाशासारखी. क्विनच्या मनाची जी अवस्था, तिला लागेल ती रेषा. अक्षरलेखन इंग्रजी मोठ्या अक्षरांत, हातानं केल्यासारखं आहे, आणि फुग्यांच्या बाहेरचं निवेदन चौकटीच्या डोक्यावर येतं. इंग्रजी मोठी अक्षरं सलग वाचायची सवय नसेल तर पहिली दहा-पंधरा पानं सावकाश जातील. मजकूर मूळ कादंबरीतून कापून घेतलेला आहे, सोपा केलेला नाही.

उणिवा आहेत. मूळ कादंबरीतला कंटाळा चित्रांत पुरेसा येत नाही. कंटाळा ऑस्टर यांनी मुद्दाम वापरला आहे. पाठलागाचे दिवस गद्यात इतके सारखे वाटतात की क्विनचा तोल का सुटतो ते वाचकाला आतून समजतं. चित्रकादंबरीत तेच दिवस काही पानांत उरकतात, आणि पानं देखणी असल्यामुळे कंटाळा शिरतच नाही. दुसरं, 'डॉन किहोते'चा खरा लेखक कोण यावर ऑस्टर आणि क्विन यांचं जे संभाषण आहे ते फार आवळलं गेलं आहे. कादंबरीची किल्ली तिथे आहे. क्विन आणि किहोते या दोघांचीही आद्याक्षरं डी आणि क्यू, हे ज्याच्या ध्यानात आलं त्याला ते संभाषण सावकाश ऐकायचं असतं. तिसरं, पीटरची बायको व्हर्जिनिया स्टिलमन हे पात्र मुळातही धूसर आहे, इथे ते जवळजवळ रहस्यकथेतल्या ठरावीक बाईवर येऊन थांबतं. आणि ज्यांना कोडं सुटायला हवं असतं त्यांनी या वाटेला जाऊ नये, तसं वचन हे पुस्तक कुठेच देत नाही.

आधी गद्य की आधी चित्रं? माझं मत ठाम आहे : आधी गद्य. मूळ कादंबरी छोटी आहे, दोन-तीन बैठकांत होते. ती वाचलेली असेल तर चित्रकारांनी प्रत्येक अडचण कशी सोडवली ते दिसतं, आणि या पुस्तकाचा अर्धा आनंद तिथे आहे. आधी चित्रं वाचली तर कथा कळते, पण पीटरचा मूळ आवाज कायमचा मॅझुकेलींच्या चित्रांना चिकटतो, मग गद्य मोकळेपणी वाचता येत नाही.

आता आवृत्त्या, कारण खरेदीत गोंधळ इथे होतो. १९९४ ची एव्हनची 'निऑन लिट' आवृत्ती आता जुन्या बाजारातच मिळेल. संग्राहक सोडून कुणी तिच्यामागे लागण्याचं कारण नाही. २००४ मध्ये पिकाडोरनं स्पीगलमन यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक पुन्हा काढलं, कागदी बांधणीत. प्रस्तावना छोटी आहे पण उपयोगी, नऊ चौकटींचा विचार कसा झाला ते तीतून समजतं. फक्त 'सिटी ऑफ ग्लास' हवी असेल तर हीच घ्या. दीडशे पानांच्या आतलं, हलकं पुस्तक आहे. तिसरी आवृत्ती मोठी : पँथियननं एप्रिल २०२५ मध्ये 'द न्यूयॉर्क ट्रिलॉजी'च्या, म्हणजे 'सिटी ऑफ ग्लास'पासून सुरू होणाऱ्या त्रयीच्या, तिन्ही कादंबऱ्या चित्ररूपात एका पुठ्ठा बांधणीच्या खंडात आणल्या. ऑस्टर यांचं निधन ३० एप्रिल २०२४ ला झालं, त्यानंतर वर्षभराच्या आत हा खंड आला. यातली 'सिटी ऑफ ग्लास' म्हणजे १९९४ चीच, 'घोस्ट्स' आणि 'द लॉक्ड रूम' नव्या.

पेंग्विननं २००६ मध्ये काढलेली 'द न्यूयॉर्क ट्रिलॉजी'ची खास आवृत्ती वेगळी आहे. तिचं मुखपृष्ठ स्पीगलमन यांनी जुन्या स्वस्त रहस्यकथांच्या धाटणीत केलं आहे, पण आत आहे तो कादंबऱ्यांचा पूर्ण गद्य मजकूर. दुकानांच्या यादीत स्पीगलमन यांचं नाव बघून तीच चित्रकादंबरी समजून मागवली जाण्याची शक्यता असते. मागवताना चित्रकार म्हणून कॅरासिक आणि मॅझुकेली ही नावं आहेत का ते पाहा. गद्य वाचायला मात्र ही आवृत्ती छान आहे.

२०२५ च्या खंडातल्या नव्या दोन भागांविषयी. 'घोस्ट्स'मध्ये १९४७ च्या फेब्रुवारीपासून ब्रुकलिनच्या ऑरेंज स्ट्रीटवर ब्लू नावाचा हेर समोरच्या खिडकीतल्या ब्लॅकवर पाळत ठेवतो. काम दिलंय व्हाइटनं, धंदा शिकवला ब्राउननं. ब्लॅक दिवसभर लिहितो आणि वाचतो, बस. रूपांतर कॅरासिक यांचं, चित्रं लोरेन्झो मात्तोत्ती यांची. हे इटालियन चित्रकार खडूच्या झगझगीत रंगांसाठी ओळखले जातात, आणि इथे सगळ्या पात्रांची नावं रंगांची असताना त्यांनी चित्रं काळ्या-पांढऱ्यात ठेवली आहेत. हा निर्णय मला फार आवडला. जाळी सोडून मोठी चित्रं आणि त्यांच्या जोडीला मजकूर अशी मांडणी आहे, चित्रकथेपेक्षा सचित्र पुस्तकाच्या जवळ जाणारी. कुणीच काही करत नाही अशा कथेला ती शोभते. पण 'सिटी ऑफ ग्लास'च्या शेवटी मोडलेल्या जाळीनंतर लगेच हा भाग वाचला तर गती एकदम खाली येते. मधे एक दिवस जाऊ द्या.

'द लॉक्ड रूम'मध्ये फॅनशॉ नावाचा लेखक बेपत्ता होतो, त्याची हस्तलिखितं बालमित्राच्या हाती येतात, आणि तो मित्र हळूहळू त्याच्या आयुष्यातच राहायला जातो. या भागाची चित्रं कॅरासिक यांनी स्वतः काढली आहेत. मांडणीचा विचार नेहमीसारखा पक्का आहे, पण रेषेला मॅझुकेलींची धार नाही, आणि तिन्ही भाग एकाच बांधणीत आल्यामुळे तुलना टळत नाही. मूळ कादंबरीही तिन्हींत सगळ्यात जास्त सरळ निवेदनाची, मनातल्या मनात चालणारी. चित्राला धरायला तिथे कमी जागा आहे. खंड घ्यायचा तो पहिल्या दोन भागांसाठी. तिसरा वाचायचा तो आधीच्या दोन कथांचे धागे कुठे येऊन मिळतात ते बघायला.

मोबाइलवर किंवा छोट्या वाचनयंत्रावर हे पुस्तक वाचू नका. तिथे बहुतेक वेळा एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय असते. इतर चित्रकथांना ती चालते, इथे ती पुस्तक मोडते, कारण जाळी दिसलीच नाही तर गजही नाहीत, खिडकीही नाही आणि शेवटची पडझडही नाही. डिजिटल प्रतच मिळत असेल तर निदान दहा इंची पडदा घ्या आणि पान पूर्ण दिसेल असं ठेवा. छापील जुनी प्रत घेताना मधली शिवण तपासा : चिकटवलेल्या कागदी बांधणीत पान पूर्ण उघडत नाही आणि आतल्या बाजूची चौकट दुमडीत जाते. काळ्या शाईचे सलग भाग खूप आहेत, तेव्हा ते करडे पडले आहेत का, समोरच्या पानावर उमटले आहेत का, तेही एकदा बघून घ्या. पीटरच्या भाषणाची पानं उघडून पाहिली की छपाईचा दर्जा लगेच कळतो. तिथे काळा कच्चा असेल तर दुसरी प्रत शोधा.